बाबांचा तास

काही दिवसांसाठी नालवाडीला आलेली इला कोरियातल्या आपल्या वर्गाला घरूनच ऑनलाइन इंग्रजी शिकवत होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी येऊन बसले. देवळीच्या शाळेत त्यांनी हयातभर इंग्रजीच शिकवलं होतं, इलालाही त्यांनीच. “दोन मिनिटं बोलू दे पोराईसंग.” तिला नाही म्हणवेना. पण बाबांचे उच्चार ऐकून तिकडच्या संस्थेचे संचालक काय म्हणतील, या धास्तीनं तिनं हळूच माइक बंद केला. बाबा मात्र खड्या आवाजात, हातवारे करत बोलत राहिले. ते थांबले तेव्हा पडद्यावरची सगळी मुलं उठून उभी राहिली आणि तिकडे वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तशी कमरेत वाकली. बाबांचे डोळे भरले. “समजलं ना त्याईले माह्यं इंग्रजी?” “सगळं समजलं, बाबा.” “मंग उद्या बी हाच शर्ट घालतो,” म्हणत बाबा आत गेले. इलानं माइक सुरू केला.