धड्याखालचे प्रश्न

"हा पत्ता कुणाचा तेवढं सांगा, मग म्या उठतो," बजरंग म्हणाला आणि मोबाइल त्यानं शंभुलिंग सरांच्या नाकापुढं धरला.

ई-मेलच्या त्या पत्त्यात नाव नव्हतं. नुसतं 'गावकरी२७'.

 निवृत्तीनंतर सरांनी ब्लॉगवर ग्रामपंचायतीच्या कायद्याचा अभ्यासवर्ग सुरू केला होता. दर सोमवारी एक धडा, त्याखाली या 'गावकरी२७'चे प्रश्न आणि सरांची उत्तरं, आणि ते सगळं तीस जणांना ई-मेलनं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून मुद्दाम ई-मेल. आणि या सोमवारी तेच तीस पत्ते त्यांनी उघडे टाकून पाठवले. झाकून पाठवायची सोय त्यांना माहीत होती, हात चुकला. त्या तिसांतल्याच कुणीतरी मेल पुढं सरकवली होती.

"येरमाळ्याच्या हाटेलात लोक मला हे दाखवतेत," बजरंग म्हणाला. "एकोणतीस जण म्या वळखले. त्यांचं बघतो सवडीनं. पण ह्यो लई शाणा हाय. ऐका काय इचारतोय. 'सरपंच बाई असेल तर ग्रामसभेत अध्यक्ष म्हणून तिचा नवरा बसू शकतो का?' अन् तुमी खाली उत्तर दिलंय, न्हाय म्हून."

"कायद्यात तसं आहे," सर पुटपुटले.

"कायदा ठेवा तिकडं. गाव मला सरपंच म्हणतंय का न्हाय?"

गाव म्हणत होतं. निवडून आली होती त्याची बायको शिवकांता, बायकांसाठी राखीव जागेवर. आणि तो पत्ता तिचाच होता. सरांनीच तिला काढून दिला होता. दुपारी नवरा घरात नसला की ती लिहायची. हे बजरंगला कळलं तर तिच्या हातातला मोबाइल तर जाईलच; त्यापुढचं सरांनी मनात आणलं नाही.

"तो मीच आहे," ते म्हणाले.

"काय?"

"धडा टाकला की कुणी काही विचारतच नाही. म्हणून मीच दुसऱ्या नावानं विचारतो आणि मीच उत्तर देतो."

 बजरंग हसत सुटला. "म्हंजी भिताडासंगं बोलताय व्हय? एवढी पुस्तकं वाचून? अवं सर, म्हातारपणी हे कसलं सोंग?"

 आपण सांगितलं त्यातलं अर्धं तरी खरंच असावं, असं सरांना वाटून गेलं.

"आता हेच लिहा. तीसच्या तीस जणांना. अन् खाली लिहा, वर्ग बंद."

सरांनी लिहिलं. दोनदा खोडावं लागलं. बजरंगनं वाकून अक्षर न् अक्षर वाचलं, मान हलवली, तेव्हा त्यांनी मेल पाठवली. मग तो चहा मागून निवांत बसला.

चहा संपायच्या आत लॅपटॉप वाजला. तोच पत्ता. उत्तर तीसही जणांना गेलं होतं.

'सर, खोटं लिहू नका. प्रश्न माझेच आहेत आणि अजून पुष्कळ आहेत. वर्ग बंद करू नका.'

खाली पहिल्यांदाच नाव होतं. नावापुढं हुद्दाही.

सरांनी ते पुन्हा वाचलं. आता झाकण्यासारखं त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं.

"कुणाचं आलं?" बजरंगनं बशी खाली ठेवत विचारलं.

"सरपंचांचं," सर म्हणाले.

"म्या तर हितं बसलोय की," बजरंग म्हणाला.