वेडा राघू

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्याला चार वर्षं झाली, आणि तेव्हापासून सुनेचं जग त्यांच्या खोलीपुरतंच उरलं होतं. त्यांची कूस बदलायची, नळीतून पातळ खाणं द्यायचं, चादरी धुवायच्या. यातून जरा उसंत मिळाली की ती जुना कॅमेरा घेऊन खिडकीशी उभी राहायची. समोरच्या तारेवर वेडे राघू येऊन बसायचे, हिरवेगार आणि क्षणभरही स्वस्थ नसलेले. किती महिने हुलकावण्या दिल्यावर त्यातला एक तिला हवेतच सापडला, उडत्या माशीवर झेपावताना, पंख उन्हात तांबूस पेटलेले. तो फोटो तिनं कुणाला न सांगता स्पर्धेला पाठवून दिला.

महिन्याभरानं आयोजकांचा फोन आला. "ताई, तुमचा फोटो पहिला आलाय. पण कडेला गज पुसटसे दिसतायत. स्पर्धा रानपाखरांची आहे, पिंजऱ्यातला फोटो चालत नाही."

"अहो, पिंजरा कुठला? आमच्या खिडकीचे गज आहेत ते!"

"मग काळजीच मिटली. उद्या तासाभरासाठी कॅमेरा घेऊन समक्ष या आणि मूळ फोटो दाखवा. नियमच आहे तसा."

तिनं फोनवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं.

"उद्या मला सुट्टी नाही," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "आणि तू गेलीस तर आईजवळ कोण बसणार?"

तिनं फोन पुन्हा कानाला लावला.



"राहू द्या," ती म्हणाली. "पिंजऱ्यातलाच आहे फोटो."