खालच्या मजल्यावरची तक्रार

बुंदी कुत्रीच्या जन्मतःच सैल असलेल्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले, तरी ती तो पाय काही टेकवेना. "आज-उद्यात टेकवला नाही तर कठीण आहे," असं वाशीचे डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून श्रुतीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मिक्सरच्या घरघरीत बेल दोनदा वाजली, तेव्हा कुठे तिला ऐकू आली. दारात खालच्या मजल्यावरचे हौसेराव! बुंदीच्या नखांची टकटक छतातून ऐकू येते म्हणून सोसायटीकडे तीनदा तक्रार केलेले.

"सॉरी काका, बांधते तिला," श्रुती आधीच म्हणाली.

"बांधू नको, पोरी!" जिना चढून हौसेरावांना धाप लागली होती. "दहा दिवस टीव्ही बंद ठेवून ऐकतोय, तीनच पाय वाजत होते. आत्ता चौथा वाजला."