घारीची टाळी

टाळी वाजली आणि चेंडू बास्केटबॉलच्या रिंगच्या कडेला आपटून बाहेर आला.

पंचांनी शिट्टी फुंकली. टाळी कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती. रिंगखाली ओळीत उभ्या असलेल्या विरोधी पोरींमध्ये ‘घार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोरीचे हात अजून एकमेकांना चिकटलेले होते. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या एका गुणाच्या मोकळ्या फेकीच्या वेळी समोरच्या संघाने मुकाट उभं राहायचं, टाकणारीचं लक्ष उडवायचं नाही, हे शाळकरी पोरींनाही ठाऊक असतं. घार तर नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेली. मागच्या सामन्यात तिने पंचांचीच चूक काढली होती, आणि वर ती खरी निघाली होती.

“छोटी, पुन्हा टाक,” पंच चेंडू टाकणाऱ्या पोरीला म्हणाले. चेंडू आत गेला असता तर त्यांनी टाळीकडे कानाडोळा केला असता. चुकला, म्हणून दुसरी संधी. मग ते घारीकडे वळले. “ही ताकीद समज. परत हात वाजले तर टेक्निकल फाउल देईन. कळलं?”

“कळलं, सर.”

ती इतक्या आज्ञाधारकपणे म्हणाली की पंचांचा संशय दुप्पट झाला.

तसा त्यांचा स्वभावच संशयी. पोरी त्यांना पाठीमागे ‘संशयकाका’ म्हणत. बायको म्हणायची, “तुम्ही आरशातल्या माणसालाही ओळखपत्र मागाल.” पण वीस वर्षं शिट्टी गळ्यात घालून हिंडलेल्या माणसाने कोणाकोणावर विश्वास ठेवायचा हो? लंगडणारी पोर पंचांची पाठ वळली की धावते. रडणारी पोर डोळे पुसता पुसता घड्याळ बघते. आता हीच छोटी. मघाशी रिंगखालच्या झटापटीतून उजवं मनगट धरून बाहेर आली आणि म्हणाली, “सर, हात पिरगळला.” पंचांना काही दिसलं नव्हतं. “नाटकं पुरे. खेळायचं तर खेळ, नाहीतर बाहेर बस,” ते म्हणाले होते. छोटी बाहेर बसली नाही. पहिल्यांदाच फायनलला आलेला संघ, बाहेर कोण बसेल?

आता तिचा संघ एका गुणाने मागे होता, घड्याळात जेमतेम दोन सेकंद उरले होते आणि दोन्ही फ्री थ्रो तिच्याच वाट्याला आले होते.

तिने चेंडू पुन्हा टाकला. तो रिंगवर गटांगळ्या खात कसाबसा आत पडला. बरोबरी! प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पंचांचे डोळे मात्र घारीवरच होते. पोर गप्प उभी होती. पण ती छोटीकडे बघतच नव्हती. ती पंचांकडे बघत होती. हिच्या मनात काहीतरी शिजतंय, ते मनाशी म्हणाले.

दुसरा फ्री थ्रो. छोटीने चेंडू उचलला, आणि घारीने टाळी वाजवली. चांगली खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. चेंडू चुकला.

पंचांनी दोन्ही हातांनी टेक्निकल फाउलची खूण केली. घारीच्या प्रशिक्षकांनी टॉवेल जमिनीवर आपटला. “अगं, वेडी झालीस का?” तिच्याच संघातली एक जण किंचाळली. टेक्निकलचा जादा फ्री थ्रो संघातल्या कोणीही टाकला तरी चालतो. छोटीची कप्तान पुढे आली आणि तिने तो आरामात आत घातला. एका गुणाची आघाडी. मग छोटीला तिची बदली संधी मिळाली, पण तिचा चेंडू रिंगला जेमतेम घासून खाली आला. धक्काबुक्की झाली, भोंगा वाजला, आणि छोटीचा संघ चषक जिंकला.

पंचांनी घाम पुसला, पण मनातली कुसळं काही निघेनात. एक टाळी म्हणजे खोडी. ताकीद मिळाल्यावर दुसरी? तीही नियम पाठ असणाऱ्या पोरीने? नाही. हे साधं नाही. पोरीने सामना विकला! आपल्याच पोरींच्या तोंडचा घास काढून दिला! त्यांना मनस्वी संताप आला. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघात तिची निवड जवळजवळ ठरलेली होती. पंचांनी हे संघटनेच्या चिटणीसांच्या कानावर घालायचाच अवकाश, निवड गेलीच, आणि बहुधा जन्माची बंदीही.

घार कपडे बदलायच्या खोलीबाहेर एकटीच उभी होती. आत तिच्या नावाने शिमगा चालला होता. आत जायची तिची हिंमत होत नव्हती, हे स्पष्ट दिसत होतं.

“मी चिटणीसांकडे निघालोय,” पंच म्हणाले. “त्याआधी एकदाच विचारतो. कोणाच्या सांगण्यावरून केलंस हे?”

“कोणाच्याच नाही, सर.”

“मला शिकवू नकोस! ताकीद दिल्यावर परत टाळी वाजवली की काय होतं, तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. जादा फ्री थ्रो मिळतो. आणि तो छोटीनेच टाकायला पाहिजे असं नसतं. तिला धड टाकता येणारच नव्हता, सर.”

“का येणार नव्हता?”

घारीचे डोळे भरून आले, पण तिने मान खाली घातली नाही.

“तिचा हात मी पिरगळला होता. मुद्दाम. तेव्हा तुम्ही शिट्टी वाजवली नाहीत, मग मला ती तुमच्याकडून वाजवून घ्यावी लागली.”