फारच शांत गाडी

चाचणी आटोपून देवस्थळी साहेब गाडीतून उतरले, तेव्हा इंजिनिअर शलाकाला वाटलं, आता शाबासकी मिळणार. सामान्यांना परवडणारी ही हायब्रिड गाडी इतकी शांत करण्यात तिची तीन वर्षं गेली होती.

"फारच शांत झालीय," साहेब म्हणाले. "आपल्याच कंपनीची दुप्पट किमतीची आलिशान गाडीही एवढी शांत नाही. तिकडचे लोक वरपर्यंत तक्रार घेऊन गेलेत. दरवाज्यांतलं आवाज अडवणारं अस्तर काढून टाका."

"सर, आपली स्पर्धा बाहेरच्यांशी आहे की घरच्यांशी?"

साहेबांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

शलाका संतापली होती, पण अस्तर तिनं स्वतःच काढलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुन्हा चाचणी झाली. रस्त्याचा आवाज आत घुमू लागला.

"आता कशी वाटतेय?" साहेबांनी विचारलं.

"स्वस्त," ती म्हणाली.