उड्याबाईंचं निदान

"पुन्हा तेच! डावीकडून आलेला ठोसा सरळ तोंडावर घेतलास," उड्याबाई म्हणाल्या.

दोघी बहिणींतली ही धाकटी मनोरुग्णालयात आल्यापासून बोललीच नव्हती. पडद्यावरचा बॉक्सर मात्र तिच्यावर तुटून पडला होता. मनगटाला हालचाल टिपणारा पट्टा बांधून त्याच्यापुढे उभं राहायचं, त्याचे ठोसे अंग हलवून चुकवायचे, संधी मिळाली की आपणही मारायचे. खाटेला खिळलेली माणसं या खेळाने हलती व्हायची. म्हणून तर वॉर्डाने फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव उड्याबाई ठेवलं होतं.

धाकटीचं एक कोडं होतं. उजव्या बाजूने येणारा ठोसा ती बॉक्सरने हात उचलण्याआधीच चुकवायची. डावीकडचा तिला दिसतच नसावा. उड्याबाईंनी तिचे डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत होते, तेव्हा बाईंना उमगलं. अंगाला ही सवय कुणीतरी लावली होती. पोरगी घरी मार खात होती.

घरची माणसं दोनच, वडील आणि थोरली बहीण. आई लवकर गेली. वडील कारखान्यात जायचे, तेव्हा धाकटीला थोरलीच सांभाळायची. लग्न झाल्यावरही तिने शेजारच्याच गल्लीत घर घेतलं होतं.

भेटीच्या दिवशी वडील गरजले, "औषधं द्यायची सोडून पोरीला टीव्हीपुढे काय नाचवताय?" आणि उजवी मूठ टेबलावर आपटली.

धाकटी जागची हलली नाही. भीतीने गारठली असणार, बाईंनी ताडलं. थोरली तिचे केस विंचरत होती आणि धाकटी शहाण्या मुलीसारखी ताठ बसली होती.

"बाबा, हळू बोला ना," थोरली म्हणाली. "घाबरते ती."

उजवी मूठ, उजवी बाजू. वर्षानुवर्षं बाईंनी पेशंटना पडद्यात आरशासारखं बघायला शिकवलं होतं. तिथे उजवं ते उजवंच. उड्याबाईंना आपल्या नजरेचा अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

"हिला घरी सोडा, पण वडिलांकडे नको. बहिणीकडे."

डॉक्टरांनी ऐकलं. वडिलांना सांगितलं तेव्हा तो दांडगा माणूस मटकन बाकावर बसला.

"मी? माझ्या लेकराला मी हात लावीन?"

चोराच्या उलट्या बोंबा, बाई मनात म्हणाल्या. तरी वडील पाठमोरे दिसेनासे होईपर्यंत बाई बघत राहिल्या.

थोरलीचे डोळे भरून आले होते. "फार उपकार झाले, बाई. आता ही कायमची माझ्याकडे. मध्ये कुणाची लुडबुड नाही."

"पण खेळ थांबवू नका हं. व्यायाम चालूच राहायला हवा. तुम्हीच शिकून घ्या."

"दाखवा की!"

बाईंनी बॉक्सर सुरू केला. थोरलीने हसत पट्टा घेतला, डाव्या मनगटावर आवळला आणि हात उगारला. मागे खुर्चीतली धाकटी डोकं झाकून जमिनीवर बसली. ठोसा बॉक्सरच्या उजव्या गालावर बसला होता.