फोटोतलं स्टिअरिंग

गाडीच्या गेममध्ये बहिणीला हरवायचंच, म्हणून संघदीपनं ऑनलाइन स्टिअरिंग मागवलं. हरेल त्यानं आठवडाभर बोरिंगवरून डोक्यावर पाणी आणायचं, अशी पैज होती. खोक्यातून निघालं प्लास्टिकचं नुसतं कडं. ना वायर, ना बटण. “फोटोत तं वायर दिसून राहिली होती!” तो कळवळला. “फोटोच चालव मंग,” बहीण खिदळली. जुन्या रिमोटवर खेळून तो सपशेल हरला. सकाळी तो कडं फेकायला निघाला. “कायले फेकून राहिला?” म्हणत आईनं कड्याला लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि ते चुंबळ म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवलं. बोरिंगवर पाण्यानं भरलेला पितळी गुंड त्यावर असा बसला की थेंब सांडेना. परतताना म्हशींचा कळप आडवा आला. “भाऊ, डावीकडे घे!” मागून बहीण ओरडली. संघदीपनं दोन्ही हातांनी कडं धरलं, तोंडानंच हॉर्न वाजवला, आणि म्हशी बाजूला झाल्या.